चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला : परदेशी स्थायिक होण्याच्या खर्चाचा इतिहास

या मालिकेत आपण एरवी लढाया, तह, राजघराणी यांच्यावर बोलतो. आजचा विषय दिसायला अगदी घरगुती आहे. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळुरू, कुठूनही मराठी माणूस भेटला आणि त्याच्या घरात शिकलेली, नोकरी करणारी तिशीतली मुलं असली, की एक प्रश्न हमखास येतो : "कॅनडाला कायमचं जायचं तर एकूण किती लागतात हो?" मी इतिहासाचा माणूस, व्हिसाचा दलाल नाही. तरी या प्रश्नाचं उत्तर इतिहासातूनच नीट देता येतं असं माझं मत आहे. कारण त्या खर्चाच्या यादीतल्या प्रत्येक ओळीला जन्मसाल आहे. कोणती ओळ कधी आणि कशासाठी घुसली हे कळलं, की कोणत्या ओळीला घाबरायचं आणि कोणती विसरायची नाही, हेही कळतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करू. परदेशात जाणाऱ्या माणसाचा खर्च नेहमी त्यानेच केला, असं नाही. १८३४ नंतर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर जे गिरमिटिया गेले, त्यांत आपल्या कोकणातली, रत्नागिरीकडची माणसंही होती. त्यांचं जहाजभाडं मळेवाल्यांनी भरलं. मात्र ते पाच-पाच वर्षांच्या करारातून, घामातून वसूल केलं. विसाव्या शतकाच्या तोंडावर कॅनडाला गव्हाची कुरणं वसवायची होती, तेव्हा युरोपातून शेतकरी आणणाऱ्या जहाज-एजंटांना सरकार माणशी बक्षीस देत होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाने ब्रिटिश प्रौढ माणसाला अवघ्या १० पौंडांत आणलं, बाकीचं भाडं सरकारांनी सोसलं. म्हणजे ज्याची गरज वाटते त्याचा खर्च दुसरा भरतो आणि जो नको असतो त्याच्याकडून वसूल करतात. शुल्काचा आकडा हा त्या देशाच्या मनातला भाव असतो.

आता नको असलेल्यांकडे येऊ. कॅनडियन पॅसिफिक रेल्वेचा डोंगराळ पश्चिम भाग हजारो चिनी मजुरांनी उभा केला. शेवटचा खिळा ठोकला गेला नोव्हेंबर १८८५ मध्ये. त्याच वर्षी कॅनडाच्या संसदेने देशात येणाऱ्या चिनी माणसावर ५० डॉलरचा डोईकर बसवला. १९०० मध्ये तो १०० झाला आणि १९०३ मध्ये ५००. चिनी मजुराची ती साधारण दोन वर्षांची कमाई. सुमारे ८२ हजार माणसांनी मिळून जवळजवळ २ कोटी ३० लाख डॉलर भरले. आणि एवढं घेऊनही १९२३ मध्ये दार पूर्ण बंद केलं, ते १९४७ पर्यंत उघडलं नाही. पैसे भरले म्हणून हक्क मिळाला, असं होत नाही. अंदाजपत्रकाचा हा पहिला धडा.

भारतीयांवर डोईकर लावणं अवघड होतं, कारण ते ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन. मग १९०८ मध्ये दोन युक्त्या निघाल्या. एक, मायदेशातून कुठेही न थांबता सरळ प्रवास करून यायचं. भारतातून तसं थेट तिकीट मिळणार नाही, याची सोय आधीच होती. दुसरी, आशियाई माणसाने उतरताना २०० डॉलर खिशात दाखवायचे. एका वर्षात भारतीयांची आवक काही हजारांवरून बोटांवर मोजण्याइतकी झाली. हे २०० डॉलर सरकार घेत नव्हतं, फक्त दाखवायचे होते. "तुझ्याकडे पैसे आहेत हे दाखव" ही ओळ यादीत तेव्हापासून पक्की बसली, ती आजही आहे.

कोमागाता मारूची गोष्ट आपल्याला माहीत असते ती शौर्याची आणि अपमानाची म्हणून. आज ती जरा हिशेबाच्या वहीतून बघा. गुरदितसिंग यांनी जपानी जहाज भाड्याने घेतलं आणि ३७६ प्रवासी घेऊन ते २३ मे १९१४ ला व्हँकुव्हरच्या बंदरात उभं राहिलं. प्रवाशांनी तिकिटाचे पैसे भरलेले होते. पण जहाजाच्या भाड्याचे हप्ते थकू लागले, वकिलाची फी उभी राहिली, अन्नपाण्याचा खर्च रोज वाढत होता. किनाऱ्यावरच्या भारतीयांनी सभा घेऊन वर्गणी काढली, लाकूड-गिरणीतल्या मजुरांनी पदरमोड केली. दोन महिने असे गेले आणि २३ जुलैला, मोजकी माणसं उतरवून, जहाज परत फिरवण्यात आलं. सप्टेंबरअखेर बजबजला गोळीबार झाला आणि वीसच्या आसपास प्रवासी मारले गेले. तिकिटाचा खर्च त्यांनी मांडला होता. वाट पाहण्याचा खर्च कुणाच्या वहीत नव्हता. अंदाजपत्रकाचा दुसरा धडा हा : थांबण्यालाही भाडं पडतं.

स्वातंत्र्यानंतर चित्र हळूहळू बदललं. १९५१ च्या करारानुसार कॅनडाने भारतातून वर्षाला १५० माणसं घ्यायची ठरवली, १९५७ मध्ये ती ३०० झाली. एवढ्या मोठ्या देशातून तीनशे! १९६२ मध्ये वंशाची अट नियमांतून काढली गेली आणि १ ऑक्टोबर १९६७ ला गुणपद्धती आली. शिक्षण, वय, भाषा, कौशल्य यांना गुण द्यायचे. शंभरात पन्नास मिळाले की पास. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी खटल्यात सांगितलं की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, पासपोर्ट ही अधिकाऱ्याची मर्जी असू शकत नाही. त्यानंतर दोन महिन्यांनी पासपोर्ट कायदा आला. जायचं दार आणि यायचं दार, दोन्ही एकाच वर्षी किलकिली झाली.

पण तिसरं दार होतं परकीय चलनाचं. ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं. अमेरिकी डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून एका रात्रीत साडेसात रुपयांना गेला. तयारी करणाऱ्याचा खर्च काहीही न करता सत्तावन्न टक्क्यांनी वाढला. शिवाय सरकार डॉलर देईच ना. "आठ डॉलर खिशात घेऊन विमानातून उतरलो" हे त्या पिढीच्या इंजिनिअर-डॉक्टरांचं आवडतं वाक्य आहे. आज ते अभिमानाने सांगितलं जातं. त्यामागे मात्र विमानतळावर घ्यायला आलेला मित्र, त्याच्या घरातला सोफा आणि पहिल्या पगारापर्यंतची उधारी असायची. तो खर्चही खरा होता, फक्त तो मित्राने उचललेला होता.

आता येऊ या आजच्या शुल्काच्या जन्मकथेकडे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडाचं सरकार तुटीत आणि कर्जात बुडालं होतं. फेब्रुवारी १९९५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री पॉल मार्टिन यांनी खर्चाला कात्री लावली आणि उत्पन्नाचे नवे मार्ग काढले. त्यांतला एक म्हणजे कायम वास्तव्याच्या हक्काचं शुल्क, प्रौढ माणशी ९७५ डॉलर. अर्ज तपासण्याचं शुल्क वेगळं होतंच. टीकाकारांनी लगेच जुना शब्द काढला : हा तर नवा डोईकर! नायरोबीच्या किंवा नागपूरच्या माणसाला ते किती महिन्यांच्या पगाराइतकं पडतं, हा त्यांचा मुद्दा होता. २००० मध्ये निर्वासितांना ते माफ झालं. मे २००६ च्या अर्थसंकल्पात ते निम्मं करून ४९० केलं गेलं आणि त्याच सरकारने २२ जून २००६ ला चिनी डोईकराबद्दल संसदेत माफी मागितली. दोन महिन्यांच्या आत एक शुल्क निम्मं झालं आणि एका जुन्या शुल्काची माफी मागितली गेली. इतिहास असे योग कधी कधी जुळवतो.

यानंतरचा प्रसंग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. गुणपद्धतीत बसणाऱ्या प्रत्येकाचा अर्ज घ्यायचाच, अशी जुनी रीत होती. त्यामुळे रांग वर्षानुवर्षं वाढत गेली. २०१२ मध्ये कॅनडाने कायदा करून, २७ फेब्रुवारी २००८ च्या आधी आलेले आणि निर्णय न झालेले कुशल कामगारांचे अर्ज रद्दच केले. कुटुंबं धरून सुमारे २ लाख ८० हजार माणसं. शुल्क परत केलं, पण बिनव्याजी. काहीजण न्यायालयात गेले, तिथेही यश आलं नाही. विचार करा, पाच-सात वर्षं ज्यांनी घर घ्यायचं थांबवलं, बढतीची बदली नाकारली, मुलांची शाळा बदलायची की नाही हे लांबणीवर टाकलं, त्यांना परत मिळाला तो फक्त शुल्काचा धनादेश. गेलेली वर्षं कोणत्याच खात्यात जमा झाली नाहीत.

जानेवारी २०१५ पासून एक्स्प्रेस एन्ट्री सुरू झाली. आता आधी माहितीपत्र भरायचं, ते फुकट. ते वर्षभर चालतं. मग गुणांनुसार निमंत्रण येतं आणि ६० दिवसांत पूर्ण अर्ज करायचा. रांग गेली, वेग आला. पण खर्चाची जागा सरकली. पूर्वी अर्ज करताना खर्च व्हायचा, आता निमंत्रण येईल की नाही हे माहीत नसताना तो सुरू होतो. भाषेची परीक्षा द्यायची, तिचा निकाल दोन वर्षं चालतो. पदवीचं मूल्यमापन करून घ्यायचं, ते पाच वर्षं चालतं. ऑगस्ट २०२५ पासून वैद्यकीय तपासणीही अर्जाच्या आधीच करावी लागते, ती साधारण बारा महिने चालते. या सगळ्या मुदतीच्या वस्तू आहेत. निमंत्रण लांबलं तर पुन्हा परीक्षा, पुन्हा पैसे.

चला, आता वही उघडू. नवरा-बायको आणि दोन मुलं असं कुटुंब घ्या. ३० एप्रिल २०२४ ला लागू झालेले दर असे होते : प्रौढ माणशी तपासणी शुल्क ९५० आणि कायम वास्तव्याच्या हक्काचं शुल्क ५७५, मिळून १,५२५ कॅनडियन डॉलर. दोघांचे ३,०५०. मुलांचे प्रत्येकी २६०, म्हणजे ५२०. बोटांचे ठसे आणि फोटो, कुटुंबाला १७०. बेरीज ३,७४० डॉलर. हे दर साधारण दर दोन वर्षांनी वाढवण्याचा तिथे नियम आहे, म्हणून अर्ज करताना ताजा आकडा बघायचा. गणितासाठी डॉलर ६२ रुपयांना धरला तर सुमारे २ लाख ३२ हजार रुपये झाले. "एवढंच ना!" असं इथे बरेचजण म्हणतात आणि वही मिटतात. ही झाली चार आण्यांची कोंबडी. मसाला पुढेच आहे.

जोडीदाराचेही गुण मिळवायचे तर दोघांच्या भाषेच्या परीक्षा, अंदाजे ३६ हजार. दोघांच्या पदव्यांचं मूल्यमापन, कुरियर धरून ३१ हजार ठेवा. चौघांची वैद्यकीय तपासणी ३० हजार धरा, शहरानुसार कमी-जास्त होईल. पोलिसांचा दाखला, विद्यापीठाच्या गुणपत्रिका, भाषांतरं, नोटरी यांना १५ हजार. विद्यापीठाच्या खिडकीवर घातलेल्या रजा वेगळ्या. सरकारी शुल्कासकट हे झाले साडेतीन लाखांच्या आसपास. एखादी परीक्षा पुन्हा द्यावी लागली, डॉलर वर गेला, यासाठी पन्नास हजार हातचे ठेवा. म्हणजे चार लाख. एका बाजूची तिकिटं आणि जादा सामान यांना आणखी चार लाख वेगळे काढा. नुसतं पोहोचायला आठ लाख झाले.

आता १९०८ ची ती जुनी ओळ, दाखवायचे पैसे. चौघांच्या कुटुंबासाठी जुलै २०२५ मध्ये तो आकडा २८,३६२ डॉलर ठरला, म्हणजे साडेसतरा लाखांच्या थोडा वर. हे उसने चालत नाहीत आणि खात्यात गेल्या सहा महिन्यांची सरासरीही बघतात. ज्याच्याकडे तिथली वैध नोकरी आणि काम करण्याचा परवाना आहे, त्याला ही अट नसते. या आकड्याचं मूळ मात्र फार कमी लोकांना माहीत असतं. कॅनडात अल्प उत्पन्नाची जी रेषा धरतात, तिच्या वर्षभराच्या रकमेचा हा अर्धा भाग आहे. साध्या भाषेत, चार माणसांनी सहा महिने अगदी काटकसरीत काढायला लागणारी रक्कम. त्याला कुणी सुखाचं भांडवल समजू नये. नोकरी मिळायला सातवा महिना उजाडला तर काय, याचं उत्तर सरकारच्या आकड्यात नाही. ते तुमच्या वहीत हवं. म्हणून मी तेवढीच रक्कम आणखी एकदा धरायला सांगतो. डॉक्टर, परिचारिका, वकील असाल तर तिथल्या परवान्याच्या परीक्षा आणि त्या होईपर्यंतचे बिनपगारी महिने याच रकमेतून जाणार आहेत.

बेरीज करा. पोहोचायला आठ, दाखवायला साडेसतरा, राखायला साडेसतरा. त्रेचाळीस लाख. त्यात सरकारी शुल्क शंभरातले पाच-सहा रुपये!

एक ओळ आपल्याकडचीही आहे. एके काळी आठ डॉलरवर भागवायला लावणारा आपला देश फेब्रुवारी २००४ पासून वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर नेऊ देऊ लागला. आज ती मर्यादा अडीच लाख अमेरिकी डॉलर आहे. पण पैसे पाठवताना बँक आगाऊ कर कापून ठेवते. एप्रिल २०२५ पासून एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत काही कापलं जात नाही. त्यावरच्या रकमेवर, या कारणासाठी, २० टक्के. साडेसतरा लाख एकाच्याच खात्यातून गेले तर दीड लाख अडकले. विवरणपत्र भरलं की ते जुळवता येतात किंवा परत मिळतात, पण नेमके निघायच्या महिन्यात ते हाताशी नसतात. दोघंही कमावते असाल आणि आपापल्या खात्यातून, आपापल्या पैशांतून पाठवलंत, तर दोघंही मर्यादेत बसता. हे कागदपत्र आधीच सरळ ठेवायचं.

कॅनडाच महाग आहे असं समजू नका. ब्रिटनने एप्रिल २०१५ मध्ये परदेशी माणसाकडून वर्षाला २०० पौंड आरोग्य अधिभार घ्यायला सुरुवात केली. तो ४०० झाला, ६२४ झाला, फेब्रुवारी २०२४ पासून १,०३५ आहे, मुलांना ७७६. व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा तो एकदम भरायचा. चौघांना पाच वर्षांचा व्हिसा हवा तर नुसता अधिभार १८,११० पौंड, आणि तिथे नोकरीला लागलात की पगारातून कर कापला जाणारच. अमेरिकेने १८८२ मध्ये येणाऱ्या माणसावर ५० सेंटचा कर लावला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये तिने नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम जाहीर केली. ती मालकाने भरायची, हे खरं. पण एवढे पैसे भरून मालक कुणाला बोलावणार, हा प्रश्न शेवटी उमेदवाराच्याच गळ्यात पडतो.

मग इतिहास वाचून हिशेब कसा मांडायचा? मी तीन खाती करायला सांगतो. पहिलं, गेलेले पैसे : परीक्षा, तपासणी, तिकीट. हे परत येणार नाहीत, म्हणून एवढेच गमावायची तयारी आधी ठेवा. हक्काचं शुल्क तेवढं अर्ज नाकारला तर परत मिळतं, तपासणीचं शुल्क काम सुरू झालं की मिळत नाही. दुसरं, दाखवायचे पैसे. ते तुमचेच आहेत, पण त्यांना इतर कामाला हात लावायचा नाही. तिसरं, थांबण्याचे पैसे. कोमागाता मारूवाल्यांच्या वहीत नव्हतं आणि २०१२ मध्ये रद्द झालेल्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं, ते हे खातं. या खात्यात रुपयांबरोबर तारखाही लिहा : अमुक महिन्यापर्यंत निमंत्रण आलं नाही, तर परीक्षा पुन्हा द्यायची की इथेच घराचा हप्ता सुरू करायचा. ती तारीख घरातल्या सगळ्यांना, म्हाताऱ्या आईवडिलांनाही, माहीत असू द्या. त्यांच्या औषधपाण्याची सोय आणि वर्षाआड एकदा परत यायचं तिकीट, हेही याच खात्यात.

आणि कुणी "एवढे लाख द्या, काम पक्कं" असं म्हणाला, तर ५०० डॉलर भरलेल्या त्या चिनी मजुरांची आठवण ठेवा. पैसे घेणाऱ्याने दार उघडं ठेवायचं वचन कधीच दिलेलं नसतं. सल्लागार घ्यायचा तर जरूर घ्या, त्याचा परवाना तपासा, पावती मागा आणि त्याची फी पहिल्या खात्यात, गेलेल्या पैशांत लिहा.

जाऊ नका, असं माझं म्हणणं नाही. आपली माणसं सव्वाशे वर्षांपूर्वीही गेली, आजही जातील. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण मात्र परदेशातल्या अंथरुणालाही लागू आहे. ते किती लांब आहे, हे निघण्याआधी इथे घरात बसून मोजता येतं. तेवढं मोजा. पुढच्या भागात भेटू.